वाणातले विरजण

मागच्या संक्रांतीला हर्षदा बावडेकरने हळदीकुंकवाला विरजण लुटले. दह्याचे नव्हे, खताचे. झाकणाला भोके पाडलेल्या एकोणचाळीस डब्या, प्रत्येकीत मूठभर काळसर, भुसभुशीत माल आणि वर रंगीत चिठ्ठी: भट्टीत घाला, ढवळा, चार दिवस थांबा. साताऱ्यातल्या त्यांच्या कॉलनीत कंगवे, साबणदाण्या आणि प्लास्टिकच्या वाट्या लुटून बायका कंटाळल्या होत्या. हे वाण सगळ्यांना पसंत पडले. ते इतके पसंत पडले नसते तर बरे झाले असते, असे वर्षभराने हर्षदाला रोज वाटणार होते.

ओला कचरा घराबाहेर काढायला कायद्याने बंदी येऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. घरोघरी गच्चीत किंवा मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या यंत्राएवढे एक यंत्र आले होते. सरकारी कागदावर त्याला लांबलचक नाव होते, बायका त्याला भट्टी म्हणत. सकाळी सालपटे आणि उष्टेखरकटे आत टाकायचे आणि चार दिवसांनी खालच्या खणातून खत काढायचे. लोकांनी आधी नाके मुरडली, मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

बावडेकरांच्या घरात मात्र ती भट्टी देवासारखी आली होती. त्यामागे हर्षदाच्या नवऱ्याचे, परागचे, दुखणे होते.

पराग पाटबंधारे खात्यात नोकरीला होता, पण त्याचा खरा जीव गच्चीवरच्या बागेत. खताच्या बाबतीत तो सोवळ्यातला माणूस. गुलाबाला वर्षभर कुजलेले शेणखत, कोवळ्या रोपांना गांडूळखत, कुंडीतल्या जास्वंदीला पालापाचोळ्याचे, आणि मे महिन्यात सगळ्यांना मूठमूठ निंबोळी पेंड. झाडाला ताजे शेण घालणाऱ्या माणसाशी तो दोन दिवस बोलत नसे. मग त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. हर्षदाची किडनी जुळली आणि तिने ती दिली. लोक त्याग वगैरे म्हणाले तेव्हा तिला हसू आले. माणूस घरात हवा असेल तर एक किडनी म्हणजे काही फार नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

पण परक्या किडनीवर शरीराने हल्ला करू नये म्हणून परागला आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या होत्या. त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवतात. झोपलेल्या पहाऱ्यात कुणीही घुसावे. खतात बुरशी असते, हजार तऱ्हेचे जंतू असतात. तुमच्या-आमच्या नाकात ते रोज जातात आणि मरतात, पण परागच्या छातीत गेले तर ते तिथेच संसार थाटणार होते. डॉक्टर अमृता देशिंगकर यांनी स्पष्ट सांगितले की बाग बघायची ती काचेच्या दाराआडून. शेणखताच्या गोण्या शेजारी गेल्या, गांडुळांची टाकी कुणीतरी नेली. पराग दाराला नाक लावून उभा राही आणि हर्षदा त्याच्या खाणाखुणांवर बाग करी. ती उलटे करी, तो आतून कपाळावर हात मारी. असे वर्ष गेले आणि मग भट्टी आली.

भट्टीत घालायच्या पुडीचे नाव होते उष्णिका. उन्हाळ्यांच्या, म्हणजे जमिनीतून उकळत येणाऱ्या पाण्याच्या कुंडात राहणारा एक जिवाणू घेऊन शास्त्रज्ञांनी त्याला कचरा खायला शिकवले होते. तो काम करी सत्तर अंशांवर. तेवढ्या उष्णतेत बुरशी, जंतू, अळ्यांची अंडी, सगळे उकडून निघे. काम संपले की भट्टी आपोआप गार होई आणि पन्नास अंशांच्या खाली आल्यावर तो स्वतःही मरे. उरे ते निव्वळ खत, उकळलेल्या पाण्याइतके निर्धोक. माणसाचे अंग सदतीस अंशांचे. सदतीसमध्ये तो जगूच शकत नाही, तेव्हा भीती कसली? देशिंगकर डॉक्टरांनी सगळे कागद वाचले आणि परागला हातमोजे, तोंडाला पट्टी लावून बागेत जायची परवानगी दिली. त्या दिवशी परागने गुलाबाच्या कुंडीत हात घातला आणि तो लहान मुलासारखा रडला.

पुडीवर लाल अक्षरांत लिहिलेले होते: दर वेळी नवी पुडी वापरा.

एका आठवड्यात पुड्या आल्या नाहीत. वाटप रखडले होते. हर्षदाच्या माहेरी विरजण कधी कुणी विकत आणले नव्हते. आपले संपले तर शेजारून आणावे, शेजारणीला लागले तर द्यावे, आणि विरजणाला नाही म्हणू नये, हे ती आईच्या हाताखाली शिकली होती. भट्टी गार व्हायच्या आधीच तिने झालेल्या खतातले मूठभर मागे ठेवले आणि नव्या कचऱ्यात कालवले. चार दिवसांनी खत तयार. मग पुड्या आल्या तरी तिने त्या फोडल्या नाहीत. घरात विरजण असताना पुडी फोडायची म्हणजे तिला चुकल्यासारखे वाटे. डॉक्टरांना विचारायचे तिच्या मनातही आले नाही. दह्याचे विरजण लावताना कोण डॉक्टरांना विचारते?

विरजण ती नेहमी भट्टीच्या कडेचे घेई. मधला माल हाताला चटके देई, कडेचा सोसवे इतका ऊन असे. पुढे पुढे तो कोमट लागू लागला. तिच्या भट्टीला वीजही कमी लागू लागली. मैत्रिणींच्या भट्ट्या घरघरत आणि हिची थंडपणे बसलेली असे, तरी चौथ्या दिवशी खत हजर. तुझ्या हाताला गुण आहे हो, असे बायका म्हणत. दोन वर्षे हे ऐकून ती सुखावली आणि मग तिने ते वाण लुटले. परागची धाकटी बहीण तृप्ती पाचगणीहून मुद्दाम आली होती, तीही डबी घेऊन गेली.

यंदाची रथसप्तमी होऊन चार दिवस झाले आणि परागला ताप आला.

साधा खोकला, मग एकशे दोन ताप, मग जिना चढताना धाप. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग दिसत होते. देशिंगकर डॉक्टर शांत बाई, पण त्या दिवशी त्या प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. कबुतरे आहेत का घरात, बांधकाम चालू आहे का, कुठे प्रवास झाला का? खत पुडीचेच वापरता ना?

हर्षदा म्हणाली, हो.

का म्हणाली, ते तिचे तिलाही सांगता आले नसते. लबाडी करावी असे मनात नव्हते. शाळेत बाईंनी गृहपाठ केला का विचारल्यावर तोंडून निघते, तसे ते निघाले. या एका शब्दाने परागचे दोन दिवस गेले. डॉक्टर ओळखीच्या जंतूंवर औषधे देत राहिल्या आणि एकही लागू पडले नाही.

दोन दिवसांनी दुपारी ती कपडे न्यायला घरी आली. जाता जाता सवयीने गच्चीत गेली. भट्टी बंद होती. बंद म्हणजे, भिंतीतली कळच बंद होती. बहुधा गडबडीत तिनेच बंद केली असावी, चार-पाच दिवस झाले असतील. आतला कचरा कुजून घाण सुटली असणार म्हणून तिने नाकाला पदर लावला आणि झाकण उघडले.

आत सुंदर, काळेभोर, भुसभुशीत खत होते.

तिने हात घातला. ते ऊनही नव्हते आणि गारही नव्हते. हाताला काही कळतच नव्हते, जणू हात आपल्याच दुसऱ्या हातात ठेवला होता. तिने यंत्राचा सेलवर चालणारा छोटा पडदा पाहिला. आतली उष्णता: सदतीस.

ती तिथेच गच्चीच्या फरशीवर बसली. पन्नासच्या खाली जो मरतो म्हणून घरात घेतला, तो सदतीसला मजेत जेवत होता. आणि त्याला तिथवर कुणी आणले ते तिला लख्ख दिसत होते. आधी हाताला सोसेल इतका ऊन, मग कोमट, मग हाताइतका. दर चार दिवसांनी, तीन वर्षे, तिने कडेचा माल उचलला होता. मधले, उष्णतेला चटावलेले, तिने खतात जाऊ दिले आणि कडेचे, गारठ्यात तगलेले, तेवढे वेचून पुढच्या खेपेला बीज म्हणून वाढवले. शेतकरी टपोरी कणसे बियाण्याला राखतो, तेच तिने केले होते. फक्त आपण काय राखतो आहोत हे तिला माहीत नव्हते.

नळाखाली तिने तीन वेळा हात धुतले, तरी ते धुतल्यासारखे वाटेनात. मग ती कपडे न घेताच रिक्षात बसली.

दवाखान्यात तिने डॉक्टरांना सगळे सांगितले, काही न लपवता. पिशवीत झाकण घट्ट लावलेला बरणीभर माल आणला होता, तो पुढे ठेवला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बरणीला हात न लावता एका कर्मचाऱ्याला बोलावून ती प्रयोगशाळेत पाठवली आणि त्या खुर्ची ओढून हर्षदाच्या समोर बसल्या. रागावल्या असत्या तर बरे, असे हर्षदाला वाटले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि ती तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

"हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत जवळजवळ तीनशे पिढ्या. तुम्ही तीन वर्षे हे करताय. माणसाच्या हिशेबात मोजाल तर लाखो वर्षांची निवड तुमच्या गच्चीत झाली."

औषधे का लागत नाहीत तेही कळले. लोक उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकतात. त्या गोळ्यांनी उष्णिका मरू नये म्हणून बनवणाऱ्यांनी तिला नेहमीच्या सगळ्या औषधांना न जुमानणारी करून ठेवली होती. पन्नासला मरणारच आहे, मग औषधाला दाद देवो न देवो, असा त्यांचा विचार. विचार बरोबर होता. त्यांना फक्त विरजण माहीत नव्हते.

"आणि ताप," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी ताप जंतूंना मारायला येतो. याचे मूळ घरच उष्णतेचे. परागचे अंग जेवढे तापते, तेवढे याला सुख होते."

हर्षदाने विचारले की किडनी वाचवणाऱ्या गोळ्या थांबवल्या तर पहारेकरी जागे होतील का. डॉक्टर म्हणाल्या की थोडे होतील, पण किडनी जाईल.

"जाऊ दे," हर्षदा म्हणाली. "माझीच आहे. मी दिली, मीच सोडते. माणूस ठेवा."

गोळ्या थांबल्या. पण त्याने भागणार नव्हते, पहारेकरी जागे व्हायला दिवस लागतात. डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. जंतूला उष्णता हवी ना, मग माणूसच गार करायचा. हृदय बंद पडून परत आलेल्या रोग्यांना असे गार करून ठेवतात. झोपेचे औषध द्यायचे, अंग कापू नये म्हणून आणखी एक, आणि गार पाण्याच्या रजईत गुंडाळायचे. प्रश्न एवढाच होता की किती गार. तीस अंशांच्या खाली हृदय ताल सोडते, तिथे जाता येत नाही. प्रयोगशाळेत हर्षदाच्या बरणीतला माल नळ्यांत भरून वेगवेगळ्या उष्णतेत ठेवला गेला. दह्याच्या वाट्या मांडाव्यात तशा त्या नळ्या ओळीने मांडल्याचे हर्षदाने काचेतून पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. छत्तीसला वाढतो. पस्तीसला कसाबसा. चौतीसला मरतो.

परागला तेहेतीसवर नेण्यात आले.

तिला काचेपाशी उभे राहू दिले. आत तो पांढुरका, निश्चल पडला होता. उशाच्या पडद्यावर त्याच्या अंगाचा आकडा हिरव्या अक्षरांत दिसत होता, तेहेतीस. पूर्वी वर्षभर तो काचेआड उभा राहून हर्षदाला खुणा करी. आता ती काचेआड होती आणि तो काहीच सांगत नव्हता. तिने त्या आकड्यावरची नजर हलवली नाही. एवढा एक आकडा तिथे राहिला पाहिजे, बाकी देवाकडे तिचे काही मागणे नव्हते.

बसून राहवेना म्हणून तिने एकोणचाळीस जणींना फोन लावायला घेतले. भट्टीत उकळते पाणी ओता, डबी फेकू नका, तीही उकळा, खताला हात लावू नका, घरात म्हातारे, तान्हे किंवा आजारी असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. कुणी घाबरल्या, कुणी चिडल्या. पाटकर वहिनींनी शांतपणे विचारले की मी ज्यांना दिले त्यांचे काय. त्यांनी सहा जणींना दिले होते. घाटगेबाईंनी साताऱ्यात कितींना दिले ते त्यांना आठवत नव्हते, पुण्याला मुलीकडे पाठवले ते आठवत होते, मुलीने सोसायटीत वाटले. विरजणाला कुणीच नाही म्हटले नव्हते. तासाभराने हर्षदाने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती पाचगणीहून आली. डोळे सुजलेले, खांद्याला मोठी पिशवी. फोनवर ती नुसती रडली होती, हर्षदाने सांगितलेले तिच्या डोक्यात शिरले की नाही कोण जाणे. बाकावर दोघी शेजारी बसल्या. हर्षदाने पुन्हा पहिल्यापासून सांगितले, आणि शेवटी म्हणाली की भट्टी आजच्या आज बंद कर, आत उकळते पाणी ओत.

"बंदच आहे," तृप्ती म्हणाली. "दिवाळीपासून बंद आहे, वहिनी. बिघडली ती. दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून मी सगळं एका टबात घालून ओसरीवर ठेवलं. म्हटलं बघू."

थंडीत मेले असेल ना ते, असे हर्षदाने विचारले.

"पौषात आमच्याकडे पहाटे आठ अंश होतात. मला वाटलं मरेल. पहिल्या खेपेला महिना लागला. मग जे झालं त्यातलंच घेतलं, तर वीस दिवस. मग दहा. आता पाच दिवसांत होतं, उघड्यावर, थंडीत. तुझ्याच हाताचं विरजण, म्हणून मी सगळ्यांना सांगत होते."

हर्षदाने स्वतःला सांगितले की ते पाचगणीला आहे. पराग इथे आहे. परागच्या छातीत आहे ते आपल्या गच्चीतले, चौतीसला मरणारे. नळ्यांनी तसे दाखवले आहे.

तृप्तीने पिशवीत हात घातला आणि मान खाली घातली. "यंदा संक्रांतीला आले तेव्हा दादाला डबाभर दिलं होतं. त्यानंच मागितलं. म्हणाला, बिनविजेचं खत, गुलाबाला घालून बघतो. वहिनीला सांगू नकोस, ती हातमोजे घाल, पट्टी लाव म्हणून मागे लागते. त्यानं तिथंच गच्चीत कुंडीत कालवलं, उघड्या हातानं. वास घेऊन बघितला. म्हणाला, अगदी जुन्या शेणखतासारखा येतोय."

तिने पिशवीतून डबा काढला. रिकामा जाऊ नये म्हणून या खेपेलाही भरून आणला होता. रिकाम्या हाताने भावाकडे जायचे कसे, असे निघताना तिला वाटले होते. उकळते पाणी वगैरे आठवले ते घाट उतरताना.

हर्षदाने डबा तिच्या हातातून काढून घेतला. पाचगणीच्या थंडीतून, पहाटेच्या गाडीतून आलेला स्टीलचा डबा. तो गार असायला हवा होता. तो हाताला कोमट लागला.

अतिदक्षता विभागाचे दार उघडले आणि देशिंगकर डॉक्टर बाहेर आल्या. हातात सकाळचा अहवाल होता. तो त्यांनी एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि हर्षदापाशी येऊन थांबल्या.

"थुंकीत अजून वाढतोय," त्या म्हणाल्या. "तेहेतीसला वाढायला नको होता. कालपेक्षा जास्तच आहे. मी आणखी खाली नेते, एकतीसपर्यंत जाता येईल. एकतीसला तरी मरेल ना? तुमचा अंदाज काय?"

सगळ्या दवाखान्यात हा प्रश्न विचारण्याजोगे माणूस एकच होते, आणि ते बाकावर डबा घेऊन बसले होते. तृप्ती हुंदके देत होती. हर्षदा उठली. या वेळी तिने हो म्हटले नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे आठला मरत नाही."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिले, मग काचेकडे. आत हिरव्या अक्षरांत तेहेतीसचा आकडा तसाच होता, आणि रजईतून गार पाणी वाहत होते.